ट्यूरिंग मशीन, न्यूरॉन आणि चॅटबॉट: 'यंत्राला बुद्धी येणार नाही' हे १९३६ सालीच सिद्ध झालं होतं का?

पाटीपेन्सिल

सध्या एक ढकलपत्र फिरतंय. मथितार्थ असा: ॲलन ट्यूरिंगने १९३६ सालीच गणिताने दाखवून दिलं की काही प्रश्न यंत्राला कधीच सुटणार नाहीत; सबब एआय हा फुगा आहे आणि माणसाच्या बुद्धीची सर यंत्राला येणे नाही. एआय फुगा आहे की नाही यावर इथे आधीच दोन धाग्यांचं काश्मीर झालंय, त्यात मला पडायचं नाही. पण ट्यूरिंगच्या नावावर जे खपवलं जातंय ते त्याने म्हटलेलंच नाही. त्याने जे म्हटलं ते कितीतरी जास्त मजेशीर आहे.

हिल्बर्ट आणि ॲकरमन या गणितज्ञांनी १९२८ मध्ये प्रश्न टाकला होता: तर्कशास्त्रातलं कुठलंही विधान दिलं, तर ते सिद्ध होण्याजोगं आहे की नाही हे सांगणारी एखादी ठरावीक कृती आहे का? 'आहे' म्हणायचं तर कृती दाखवली की झालं. 'नाही' म्हणायचं तर आधी 'कृती' कशाला म्हणायचं तेच पक्कं करावं लागतं. केंब्रिजमधल्या तेवीस वर्षांच्या ट्यूरिंगने त्यासाठी समोर धरला तो वहीवर आकडेमोड करणारा माणूस. त्याच्या निबंधात चक्क लहान मुलांच्या गणिताच्या चौकटीच्या वहीचा उल्लेख आहे. हा माणूस एका वेळी थोडेच चौकोन पाहतो, डोक्यात मोजक्याच गोष्टी ठेवतो, एक खूण खोडतो किंवा लिहितो आणि शेजारी सरकतो. वहीच्या जागी लांबच लांब पट्टी घ्या, झालं ट्यूरिंग मशीन.

नुसतं वाचू नका, पेन्सिल घेऊन चालवून बघा. पट्टीवर सगळीकडे ०. अवस्था दोनच, क आणि ख. सुरुवात क पासून.

क असताना ० दिसला: १ लिही, उजवीकडे सरक, ख हो.
क असताना १ दिसला: तसाच ठेव, डावीकडे सरक, ख हो.
ख असताना ० दिसला: १ लिही, डावीकडे सरक, क हो.
ख असताना १ दिसला: तसाच ठेव, उजवीकडे सरक, थांब.

सहाव्या पायरीला हे थांबतं आणि पट्टीवर चार एक्के उरतात. कोऱ्या पट्टीवर सुरू होऊन कधीतरी थांबणारं दोन अवस्थांचं कुठलंही यंत्र याहून जास्त चालत नाही.

यातून ट्यूरिंगने दोन गोष्टी काढल्या. पहिली, असं एकच यंत्र बनवता येतं जे दुसऱ्या कुठल्याही यंत्राचे नियम पट्टीवरून वाचून त्याची हुबेहूब नक्कल करतं. हे 'वैश्विक यंत्र'. आपले फोन, लॅपटॉप सगळे त्याचे वंशज. दुसरी, दिलेलं यंत्र पुढे कधी अडेल की कायम चालू राहील हे प्रत्येक यंत्राबद्दल अचूक सांगणारी एकच कृती असूच शकत नाही. आज हा प्रश्न 'हॉल्टिंग प्रॉब्लेम' या नावाने शिकवतात. हिल्बर्टच्या प्रश्नाचं 'नाही' असं उत्तर अमेरिकेत अलोन्झो चर्चने लॅम्बडा कॅल्क्युलस ही स्वतःची चिन्हपद्धत वापरून थोडं आधीच दिलं होतं, आणि एमिल पोस्टनेही त्याच वर्षी जवळजवळ ट्यूरिंगसारखंच यंत्र स्वतंत्रपणे कागदावर मांडलं. चर्चचा मार्ग तर अगदीच वेगळा, पण मोजता येण्याजोग्या गोष्टींची कुंपणं तंतोतंत एकच निघाली.

आता ढकलपत्राची गफलत बघा. प्रमेय म्हणतं, *सगळ्या* यंत्रांसाठी *एकच* कृती नाही. माणसाला ते जमतं असं प्रमेयात कुठेही नाही. मुळात ते यंत्र माणसाच्याच आकडेमोडीचं चित्र होतं!

जाता जाता दुसरी कथा. १९४३ मध्ये वॉरन मॅकलक आणि वॉल्टर पिट्स यांनी मेंदूतल्या पेशीचं अतिसोपं गणिती रूप मांडलं: ठरावीक उंबरठ्याइतके संदेश आले की पेशी पेटते, नाहीतर गप्प. पिट्स तेव्हा विशीत. व्हॉन नॉयमनने १९४५ मध्ये एडव्हॅक संगणकाचा आराखडा लिहिला, त्यात संदर्भ म्हणून हा एकच निबंध आहे. पुढे १९५१ च्या उन्हाळ्यात तर्कशास्त्रज्ञ स्टीफन क्लीनी रँड कॉर्पोरेशनमध्ये बसून विचार करत होता, की अशा पेशींच्या जाळ्याला नेमक्या कुठल्या घटना ओळखता येतील? त्याचं उत्तर लिहायला त्याने एक लेखनपद्धत बनवली. तीच आजची रेग्युलर एक्स्प्रेशन उर्फ रेजेक्स, मजकुरात नमुना शोधायची खूणभाषा. अशा नमुन्यात 'आधीचं कितीही वेळा' म्हणून जी चांदणी टाकतात ती क्लीनीची.

मुंबईकर_लोकल

बाब्बो! बारा-पंधरा वर्षं रोज रेजेक्स लिहितोय, त्याचा उगम मज्जातंतूंत आहे हे आज कळलं. आम्हाला टीओसीच्या (थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन) तासाला सरांनी थेट फळ्यावर गोल आणि बाण काढून दिले. ते कशासाठी ते ना त्यांनी सांगितलं, ना आम्ही विचारलं. पेपरात 'खालील भाषेसाठी डीएफए काढा' (डीएफए म्हणजे तेच गोल-बाणांचं यंत्र) आलं की सहा मार्क पक्के, एवढंच.

क्लीनीपासून ते एडिटरपर्यंत कसं पोचलं?

पाटीपेन्सिल

युनिक्सवाला केन थॉम्पसन. त्याने १९६८ मध्ये क्यूईडी एडिटरमधल्या शोधासाठी ते वापरलं, तिथून युनिक्सच्या ग्रेप या शोधायच्या आज्ञेत आलं आणि मग सगळीकडे.

अवांतर: क्लीनीचा निबंध छापून आला तो १९५६ च्या 'ऑटोमेटा स्टडीज' या संग्रहात. संपादक क्लॉड शॅनन आणि जॉन मॅकार्थी. मॅकार्थीला अपेक्षा होती की लोक यंत्राच्या बुद्धीबद्दल लिहितील, पण हाती आले ते बहुतेक शुद्ध ऑटोमेटाचे (त्याच गोल-बाणांच्या अमूर्त यंत्रांचे) गणिती निबंध. तो खट्टू झाला. म्हणून डार्टमथ कॉलेजातल्या १९५६ च्या बैठकीचा प्रस्ताव लिहिताना त्याने मुद्दाम निशाण फडकवल्यासारखं 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स' हे नाव दिलं, म्हणजे कुणी पुन्हा ऑटोमेटा घेऊन यायला नको. एका घरातल्या भावांची वाटणी झाली ती इथे. कॉलेजात ऑटोमेटा एका सेमिस्टरला आणि एआय दुसऱ्या सेमिस्टरला, एकमेकांचं नावही न घेता शिकवतात, त्याचं मूळ बहुधा या वाटणीत आहे.

गोदाकाठ

लेख आवडला, पण तुम्ही विरोधी पक्ष फार स्वस्तात उडवून लावलात. ढकलपत्र सोडा. जॉन ल्युकसने १९६१ मध्ये आणि रॉजर पेनरोजने १९८९ पासून हाच मुद्दा नीट मांडलेला आहे. गॉडेलच्या १९३१ च्या प्रमेयाप्रमाणे कुठल्याही पुरेशा समर्थ, सुसंगत नियमव्यवस्थेत असं एक वाक्य असतं जे खरं आहे पण त्या व्यवस्थेत सिद्ध होत नाही. यंत्र म्हणजे नियमव्यवस्था. आपण माणसं बाहेर उभं राहून 'हे वाक्य खरं आहे' हे *पाहतो*. मग माणूस यंत्रापलीकडे काहीतरी करतोय असं का म्हणू नये? पेनरोज हा कुणी सोम्यागोम्या नाही.

त्रिज्या

गोदाकाठ, 'सुसंगत' या शब्दावर जरा थांबा. वाक्य खरं आहे हे कळतं ते *व्यवस्था सुसंगत असेल तर*. ती सुसंगत आहे हे बाहेरच्या माणसाला कसं कळलं? साध्या अंकगणितापुरतं आपण विश्वासाने म्हणतो. पण माझ्या स्वतःच्या डोक्यातल्या सगळ्या समजुती मिळून सुसंगत आहेत याची खात्री मला नाही. आमच्या घरच्यांना तर मुळीच नाही. आणि 'व्यवस्था सुसंगत असेल तर हे वाक्य खरं' एवढी सशर्त गोष्ट यंत्रालाही सिद्ध करता येते.

खुद्द ट्यूरिंगने हा आक्षेप आधीच हेरला होता. १९४७ च्या फेब्रुवारीत लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीपुढच्या व्याख्यानात तो म्हणाला, त्याचा आशय असा: यंत्र कधीच चुकता कामा नये अशी अट घातलीत तर ते बुद्धिमानही असू शकणार नाही. प्रमेयांची बंधनं कधीही न चुकणाऱ्या यंत्राला आहेत. अंदाज करणारं, चुकणारं, शिकणारं यंत्र काय करू शकेल यावर ती फारसं बोलतच नाहीत.

पुढच्याच वर्षी त्याने नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीसाठी 'इंटेलिजंट मशिनरी' हा अहवाल लिहिला. त्यात साध्या गेटांची कशीही जोडलेली जाळी आहेत आणि शिकवून शिकवून त्यांच्यातल्या जोडण्या बदलायच्या असं म्हटलंय. म्हणजे आजच्या न्यूरल नेटवर्कचा सख्खा पूर्वज. संस्थेचे संचालक सर चार्ल्स डार्विन (उत्क्रांतीवाल्यांचे नातू) यांना तो शाळकरी पोराचा निबंध वाटला. अहवाल छापून यायला १९६८ उजाडलं, ट्यूरिंग जाऊन चौदा वर्षं झाली होती.

रिकामटेकडा

वाचतोय. बाळबोध प्रश्न आहे, हसू नका. चॅटजीपीटी हे ट्यूरिंग मशीन आहे की नाही? एका यूट्यूबवाल्याने 'आहे' सांगितलं, दुसऱ्याने 'नाही', आणि दोघांच्याही मागे पुस्तकांचं कपाट होतं.

पाटीपेन्सिल

प्रश्न बाळबोध नाही, पण उत्तर हवं तसं वाकवता येतं. काटेकोर बघितलं तर तुमचा लॅपटॉपही ट्यूरिंग मशीन नाही, कारण त्याची पट्टी संपते. ८ जीबी मेमरी म्हणजे सुमारे ६,८७२ कोटी बिट. अवस्था अचाट आहेत पण मर्यादित. तो एक प्रचंड मोठा फायनाइट ऑटोमेटन, म्हणजे मर्यादित अवस्थांचं यंत्र.

उलट ढील दिली तर काहीही ट्यूरिंग-कम्प्लीट, म्हणजे ट्यूरिंग मशीनइतक्या ताकदीचं, निघतं. सीगलमान आणि सोंटाग यांनी १९९५ च्या निबंधात ८८६ न्यूरॉनचं जाळं दाखवलं जे वैश्विक यंत्राचं काम करतं. मेख अशी की न्यूरॉनमधल्या एका अपूर्णांकात दशांशचिन्हापुढे हवे तितके अंक मावतात असं धरलंय, म्हणजे अख्खी पट्टी त्या एका संख्येत कोंबली. ट्रान्सफॉर्मर या चॅटजीपीटीच्या आतल्या रचनेबद्दलही २०१९ मध्ये असंच प्रमेय आलं, तिथेही अचूकता अमर्याद. कॉन्वेचा 'गेम ऑफ लाइफ' हा चौकोनांचा खेळ ट्यूरिंग-कम्प्लीट आहे आणि पॉवरपॉइंटच्या ॲनिमेशनमध्येही कुणीतरी ट्यूरिंग मशीन चालवून दाखवलंय. पॉवरपॉइंट हुशार आहे असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. ते वापरणाऱ्यांबद्दलही अभावानेच.

तेव्हा हे सर्टिफिकेट बुद्धीच्या बाबतीत बिनकामाचं आहे असं माझं स्पष्ट मत.

त्रिज्या

सहमत, आणि माझ्या मते सगळी गंमत इथूनच सुरू होते. 'शेवटी कधीतरी जमेल का' हा प्रश्न सोडून 'किती पायऱ्यांत आणि किती कागदावर जमेल' असं विचारलं की आजच्या मॉडेलांबद्दल खरंच काहीतरी कळतं. जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

ट्रान्सफॉर्मर एक शब्द बाहेर टाकतो तेव्हा माहिती ठरावीक थरांतून जाते. प्रश्न 'दोन अधिक दोन' असो नाहीतर रीमान गृहीतक, थर तेवढेच. ट्यूरिंगचं मशीन हवं तितका वेळ चालू शकतं, याला एका शब्दामागे ती मुभा नाही. म्हणून अभ्यासक त्याची तुलना मशीनशी न करता उथळ पण रुंद सर्किटशी करतात. मेरिल आणि सभरवाल यांनी दाखवलं की आकड्यांची अचूकता वास्तवाला धरून मर्यादित ठेवली, तर एका दमातला ट्रान्सफॉर्मर 'टीसी-शून्य' नावाच्या, ठरावीक थरांच्याच सर्किटांच्या वर्गाबाहेर जाऊ शकत नाही.

याचा अर्थ काय? पाच वाट्या उपड्या ठेवल्यात. पहिलीखाली चिंचोका. मी सांगत जाते: पहिल्या-तिसऱ्या जागेवरच्या वाट्यांची अदलाबदल, मग तिसऱ्या-पाचव्या, मग दुसऱ्या-चौथ्या, मग पाचव्या-दुसऱ्या. चिंचोका कुठे? १, ३, ५, ५, २. दुसऱ्या जागेवर. पहिलीतलं पोर नजर हटू न देता सांगेल. ऑटोमेटाच्या भाषेत याला पाच अवस्था पुरतात, म्हणजे मुंबईकर_लोकल यांचे ते सहा मार्कांचे गोल-बाण. चॉम्स्कीच्या उतरंडीतली ही सगळ्यात खालची पायरी.

आणि नेमकं हेच, अदलाबदलींची यादी कितीही लांब असू शकते असं धरलं तर, ट्रान्सफॉर्मरला एका दमात करता येत नाही! (पक्कं बोलायचं तर टीसी-शून्य आणि एनसी-एक, म्हणजे जरा जास्त खोल सर्किटांचा वर्ग, हे वेगळे असतील तर. ते वेगळे आहेत असं जवळपास सगळे मानतात, सिद्ध कुणी केलेलं नाही.) बॅरिंग्टनने १९८० च्या दशकात दाखवलं होतं की पाच वस्तूंच्या अदलाबदली एकामागोमाग लावत जाणं हे एनसी-एक मधलं सगळ्यात अवघड काम आहे. पाचच का? चार वस्तूंपर्यंतचे अदलाबदलींचे गट 'सॉल्व्हेबल' असतात, म्हणजे सोप्या तुकड्यांत सोडवता येतात; पाचपासून नसतात. पाचव्या घाताच्या समीकरणाला सरसकट सूत्र का नाही याचं गाल्वाने दिलेलं कारणही तेच.

म्हणजे बघा: कविता, सारांश, कोड बऱ्यापैकी करणारं यंत्र आणि ऑटोमेटाच्या पहिल्या धड्यातल्या कामाला अडतं. आपण १९५६ पासून जी चॉम्स्कीची शिडी लावून भाषांची अवघडता मोजतो, ती या यंत्राच्या भिंतीला लागतच नाही. याला एकामागून एक करायची कामं जड, एकदम शेजारी-शेजारी करायची कामं हलकी.

आता उपाय. प्रत्येक अदलाबदलीनंतर 'चिंचोका आता अमुक जागेवर' असं मॉडेलला लिहू द्या. लिहिलेलं पुन्हा वाचूनच पुढचा शब्द येतो, त्यामुळे दर पायरीला थरांचा पूर्ण फेरा नव्याने मिळतो. परीक्षेत मोठा गुणाकार तोंडी विचारला तर आपण गडबडतो, समासात कच्चं काम करू दिलं की जमतो, तसंच. याचंही प्रमेय आहे: पायऱ्या बहुपदी प्रमाणात (प्रश्नाच्या लांबीच्या एखाद्या ठरावीक घाताइतक्या) लिहू दिल्या की ट्रान्सफॉर्मरची ताकद नेमकी 'पी' वर्गाइतकी, म्हणजे संगणकाला आटोपशीर वेळात सुटणाऱ्या प्रश्नांइतकी, होते. 'टप्प्याटप्प्याने विचार कर' म्हटल्यावर उत्तरं का सुधारतात याचं मला पटलेलं हे सगळ्यात ठोस स्पष्टीकरण. ट्यूरिंगने १९४८ च्या त्याच अहवालात लिहिलंय की कागद, पेन्सिल, खोडरबर आणि कडक शिस्त दिलेला माणूस म्हणजे वैश्विक यंत्रच. शिस्तीचं सोडा, कागद मिळाला.

मात्र ही सगळी प्रमेयं 'मॉडेलच्या जोडण्यांत असे आकडे भरले तर *जमू शकतं*' एवढंच सांगतात. प्रशिक्षणात ते आकडे सापडतीलच याची हमी नाही.

शब्दवेल्हाळ

उत्तम चर्चा. पण पाणिनीचं नाव एकानेही घेऊ नये? जवळपास चार हजार सूत्रं, एकातून दुसऱ्यात जाणारी अनुवृत्ती, सूत्रं कशी लावायची हे सांगणाऱ्या परिभाषा. हे सगळं चर्च-ट्यूरिंगच्या दोन हजारांहून अधिक वर्षं आधी!

त्रिज्या

शब्दवेल्हाळ, नाव घ्यायलाच हवं होतं. १९६७ मध्ये पीटर इंगरमनने तर प्रोग्रॅमिंग भाषांचं व्याकरण लिहायच्या बॅकस पद्धतीला 'पाणिनी-बॅकस फॉर्म' म्हणा असं छापील पत्र लिहिलं होतं. 'या जागी ते लिही' अशा नुसत्या बदलीच्या नियमांतून ट्यूरिंग मशीनइतकी ताकद मिळते हे पोस्टने १९४३ मध्ये दाखवलं, आणि अष्टाध्यायीचा ढंग त्या जातकुळीतला आहे हे मला मान्य आहे.

फक्त एक करू नका, 'पाणिनीने संगणक शोधला' म्हणू नका. त्याने एका भाषेसाठी अफाट काटेकोर नियम रचले. 'कुठल्याच नियमांना काय जमणार नाही' हा प्रश्न त्याने विचारला नव्हता, आणि १९३६ चं नवेपण त्या प्रश्नात आहे. पाणिनीचं मोठेपण त्याने तसूभरही कमी होत नाही.

गोदाकाठ

वाट्यांचं उदाहरण भारी. पेनरोजचा मुद्दा मात्र मी सोडलेला नाही. माणसाला काही यंत्रांबद्दल 'हे कधीच थांबणार नाही' हे नियमाबाहेर जाऊन उमगतं, असं मला अजूनही वाटतं.

पाटीपेन्सिल

गोदाकाठ, मग तुमच्यासाठीच एक खरंखुरं मैदान आहे. मी वर दोन अवस्थांचं यंत्र दिलं, कमाल सहा पायऱ्या. टिबोर राडोने १९६२ मध्ये हा खेळ काढला, 'बिझी बीव्हर'. तीन अवस्थांना कमाल २१, चारला १०७. पाचला? १९८९ मध्ये ४,७१,७६,८७० पायऱ्या चालून थांबणारं यंत्र सापडलं, पण तीच कमाल हे ठरायला २०२४ उजाडलं. पाच अवस्थांची यंत्रं जवळपास १७ लाख कोटी. इंटरनेटवर जमलेल्या मंडळींनी, त्यात हौशी कितीतरी, त्यांची छाननी केली आणि शेवटची सिद्धता 'कॉक' या प्रूफ असिस्टंटने ओळ न् ओळ तपासली. इथे माणसाचं उमगणं कुठे संपलं आणि यंत्राचं तपासणं कुठे सुरू झालं, सांगा बरं.

गोदाकाठ

आणि सहा अवस्थांना?

पाटीपेन्सिल

तिथे सगळे अडलेत. एका सहा अवस्थांच्या यंत्राला 'अँटीहायड्रा' म्हणतात. ते आतून जे करतं ते शाळेतल्या गणितात मांडता येतं. ८ पासून सुरू करा. दर वेळी संख्येची दीडपट, अर्धा उरला तर सोडून द्या: ८, १२, १८, २७, ४०, ६०, ९०, १३५, २०२, ३०३... सोबत गुण मांडा, शून्यापासून. संख्या सम असेल तर दोन मिळवा, विषम असेल तर एक वजा. गुण शून्याखाली गेले की यंत्र थांबतं.

वरच्या दहा संख्यांनंतर गुण ११ आहेत. सम-विषम साधारण निम्मे-निम्मे येत राहिले तर गुण वाढतच जाणार, म्हणजे ते थांबणार नाही अशी सगळ्यांचीच अटकळ. अब्जावधी पायऱ्या चालवूनही झाल्या. सिद्धता नाही. आणि लक्षात घ्या, ट्यूरिंगचं प्रमेय इथे आडवं येत नाही. ते सगळ्या यंत्रांच्या एकत्रित कृतीबद्दल आहे, या एकाबद्दल नाही. उमगून सांगा, वाट बघतो.

रिकामटेकडा

एक्सेलमध्ये टाकलं. गुण चढतायत, पण ऐंशीएक ओळींनंतर सगळ्याच संख्या सम दिसायला लागल्या. गोदाकाठ जिंकले का?

मुंबईकर_लोकल

नाही हो. एक्सेल पंधरा अंकांपुढे शून्यं भरतं, म्हणून सम. पायथनमध्ये चालवा, तिथे पूर्णांकाला लांबीची मर्यादा नाही. n = n*3//2, दोन स्लॅश विसरू नका.